गडकऱ्यांचे बंड (कोल्हापूर, १८४४)

कोल्हापूर संस्थानातील किल्ल्यांच्या वंशपरंपरागत शिबंदीने, म्हणजे गडराखणीच्या फौजेने, इंग्रजी देखरेखीखालील कारभाराविरुद्ध केलेला सशस्त्र उठाव. सामानगड, भुदरगड, पन्हाळा आणि पावनगड ही त्याची मुख्य ठाणी.

गडकरी हे पगारी शिपाई नव्हते. गडाची चाकरी करायची आणि त्याबदली गडाखालची जमीन पिढ्यानपिढ्या कसायची, असा हा व्यवहार होता. दरवाजावरचा पहारा, तटबंदीची राखण, घेऱ्यातल्या, म्हणजे गडाभोवतालच्या, रानावर नजर अशी कामे वाटलेली असत. मराठ्यांबरोबरच रामोशी, बेरड, महार अशा जातीजमातींचा किल्ल्यांच्या राखणीत पूर्वापार वाटा होता. त्यांच्या लेखी चाकरी आणि जमीन यांची फारकत होऊच शकत नव्हती.

१८३८ मध्ये शहाजी ऊर्फ बुवासाहेब महाराज वारले. गादीवर अज्ञान राजपुत्र आल्याने इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांस कारभारी नेमले. त्यांनी वसुलाची घडी बसवायला घेतली आणि गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपवली. कागदावर ही साधी सुधारणा होती. गडावर तिचा अर्थ एवढाच लागला, की आज जमीन मामलेदाराच्या हाती गेली, उद्या चाकरीही जाणार. हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही.

१८४४ च्या पावसाळ्यात सामानगडाने दरवाजे बंद केले. पाठोपाठ भुदरगड उठला. बेळगावहून आलेल्या फौजेजवळ सुरुवातीला मोठ्या तोफा नव्हत्या, त्यामुळे सामानगड ऑक्टोबरपर्यंत टिकला. दरम्यान बंडवाल्यांनी कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून पन्हाळ्यावर ठेवले. जनरल डेलामोट याच्या सैन्याने १ डिसेंबर रोजी तटाला खिंडार पाडून पन्हाळा घेतला, पावनगडही पडला. बंडाचा पुढारी बाबाजी अहिरेकर पन्हाळ्यावरच मारला गेला. सावंतवाडीकडे तिथले सरदार फोंड सावंत यांच्या साथीने हाच वणवा पेटला होता.

सह्याद्रीत उत्तरेला राघोजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली महादेव कोळ्यांचा उठाव याच सुमारास चालू होता. दोन्ही उठावांचे एकमेकांशी संधान असल्याचे मानण्याचे कारण नाही. रानाची, घाटाची व गडाची राखण करून जगणाऱ्यांचे हक्क मात्र दोन्हीकडे नव्या अंमलाखाली आक्रसत होते. कोल्हापूरचे वेगळेपण हे, की येथे ही कात्री संस्थानाच्याच नावाने चालली.

बंड मोडल्यावर वंशपरंपरागत शिबंदी बरखास्त झाली, किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच जमीनदोस्त झाला. मोहिमेचा खर्च इंग्रजांनी कोल्हापूर दरबाराच्या माथी मारला.