दिवा, शपथ आणि जादा पाळी: परिचारिकेच्या नकारामागचा इतिहास

रात्रपाळीची सिस्टर आजारी पडली की वॉर्डातून फोन जातो तो जिची सुट्टी आहे तिला. 'आज नाइटला कोणीच नाही गं, येतेस का?' हा हुकूम नसतो, विनंती असते, म्हणूनच ती मोडणं अवघड जातं. होय म्हटलं तर आठवड्यातला एकुलता एक मोकळा दिवस जातो. नाही म्हटलं तर घरी बसूनही सुट्टी लाभत नाही. तीस पेशंटमागे एकटी मैत्रीण, कोणाचं सलाइन संपत आलंय, कोणाला बेडपॅन हवंय, हे सगळं डोळ्यांपुढून हलत नाही. दुसऱ्या दिवशी ओव्हर घेताना, म्हणजे तिच्याकडून वॉर्डाचा ताबा घेताना, त्या मैत्रिणीच्या नजरेला नजर देणं जड जातं. बहुतेकजणी याला आपल्या मनाचा कमकुवतपणा समजतात. तसं नाही. या टोचणीला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

१८५४ साली क्रिमियन युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली. रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी बाई हे तिचं चित्र इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी घरोघर पोचवलं. १८५७ मध्ये अमेरिकन कवी लाँगफेलो यांनी त्यावर कविता लिहिली. नाइटिंगेलने सैन्याच्या आरोग्यावर केलेलं आकडेवारीचं प्रचंड काम मागे पडलं आणि न झोपणारी बाई तेवढी लोकांच्या लक्षात राहिली. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची प्रशिक्षणशाळा निघाली. तिथल्या मुली आवारातच मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, देखरेखीखाली राहत आणि शिकता शिकता वॉर्डही सांभाळत. झोपायची जागा आणि कामाची जागा एकाच कुंपणात असली की जादा वेळ कुठे सुरू होतो हे कोण मोजणार? ही पद्धत पुढे जगभर गेली, आपल्याकडेही आली. जुन्या सरकारी रुग्णालयांच्या आवारातली नर्सेस क्वार्टर्स तिचीच खूण आहेत.

१८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिचारिकांसाठी एक शपथ तयार केली. तिला नाव नाइटिंगेलचं दिलं, पण ती नाइटिंगेलने लिहिलेली नाही. आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांत आजही पहिल्या वर्षाच्या मुली हातात दिवे घेऊन शपथ घेतात, समोर आईवडील बसलेले असतात. तो सोहळा मनापासूनचा असतो आणि त्याची थट्टा करावी असं मला मुळीच वाटत नाही. पण रुग्णासाठी स्वतःला वाहून घेण्याचं वचन अठराव्या वर्षी सगळ्यांसमोर दिलेलं असलं की तिसाव्या वर्षी फोनवर 'आज जमणार नाही' म्हणताना ते वचन मोडल्यासारखं वाटणारच.

खुद्द नाइटिंगेलचं म्हणणं मात्र वेगळं होतं. १८५९ सालच्या तिच्या पुस्तकात तिने बजावलं आहे की आपण हजर असताना जे होतं ते आपण हजर नसतानाही व्हावं, अशी व्यवस्था लावता येत नसेल तर चांगल्या शुश्रूषेवरही पाणी पडतं. एक बाई घरी राहिली म्हणून रुग्णाचे हाल होत असतील तर नाइटिंगेलच्या दृष्टीने दोष व्यवस्थापनाचा. शपथविधीच्या दिवशी हा भाग कोणी वाचून दाखवत नाही.

महाराष्ट्रात या पेशाला आणखी एक ओझं उचलावं लागलं, ते प्रतिष्ठेचं. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणारं, रात्री घराबाहेर ठेवणारं काम चांगल्या घरच्या बाईने करू नये, असा समज होता. मिरजेसारख्या मिशन रुग्णालयांनी मुली शिकवल्या, पण हिंदू मध्यमवर्गाचं दार उघडायला रमाबाई रानडे यांच्यासारखी बाई लागली. १९०९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन ही स्त्रियांना शिकवणारी संस्था उभी राहिली आणि तिथल्या स्त्रिया, त्यात कितीतरी विधवा, ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. त्यांना मान मिळाला, पण तो त्यागाच्या बदल्यात. पगारासाठी नव्हे, सेवेसाठी आलेली बाई म्हणून समाजाने त्यांना स्वीकारलं. तास मोजणं, जादा कामाचे पैसे मागणं, सुट्टीवर हक्क सांगणं म्हणजे तो मान पणाला लावणं. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता हे खरं, पण त्याची किंमत पुढच्या पिढ्या अजून चुकवत आहेत.

आणि माणसं तर पहिल्यापासून कमीच होती. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने देशात साधारण ७,००० परिचारिका असल्याचं, म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक, असं नोंदवलं. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, नोंदणी आणि अभ्यासक्रम मार्गी लागले. कामाच्या तासांचा प्रश्न रेंगाळत राहिला. केंद्र सरकारने १९८७ मध्ये नेमलेल्या उच्चाधिकार समितीने आठवड्याला ४० तास, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाबद्दल बदली रजा किंवा पैसे द्यावेत असं सुचवलं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं, तोपर्यंतची जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पिढ्या बदलल्या, अरुणाताईंना उभं पाहिलेलं कोणी उरलं नाही, तरी त्यांना बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही. मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या शुश्रूषेचा तोंडभरून गौरव केला. या पेशातली माया किती खरी आहे याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. पण याच कथेचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. अरुणाताईंना नीट उपचार मिळावेत आणि आपल्याला कामाची सुरक्षित जागा मिळावी, या दोन्ही मागण्या त्यांनी एकत्र केल्या. ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाताईंना केईएममधून हलवायचा प्रयत्न केला तेव्हाही त्या आंदोलनाला उभ्या राहिल्या. जीव लावणाऱ्या आणि नाही म्हणणाऱ्या बायका वेगळ्या नव्हत्या.

आता थोडं गणित, कारण टोचणीचं मूळ माझ्या मते इथे आहे. परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक आणि या संख्येवर ३० टक्के पदं रजा राखीव. म्हणजे ३० खाटांच्या वॉर्डाला १० आणि वर ३, एकूण १३. ताप, बाळंतपण, घरचं लग्नकार्य, सगळं या तिघींनी पेलावं अशी मूळ योजना आहे. समजा १३ पैकी ३ पदं रिकामी आहेत, एकजण बाळंतपणाच्या रजेवर आहे आणि एकीला दुसऱ्या विभागात पाठवलंय. उरल्या ८. त्यांच्यातून तिन्ही पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या आणि नाइट ऑफ (रात्रपाळीनंतरची सुट्टी) बसवताना परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरच्या, नाकी नऊ येतात आणि रात्रीला एकच सिस्टर उरते. तिला ताप आला की विचारायचं कोणाला? घरी असलेलीला. कागदावरची रजा राखीव रिकामी ठेवली की तिची जागा कोणाच्या तरी सुट्टीने भरली जाते. पदं न भरण्याचा निर्णय मंत्रालयात किंवा संचालक मंडळाच्या बैठकीत होतो आणि त्याबद्दलचं वाईट मात्र स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभ्या असलेल्या बाईला वाटतं.

खासगी रुग्णालयांत यात धाकाची भर पडली. ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून घेणं, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं याविरुद्ध २०११ मध्ये मुंबईपासून केरळपर्यंत परिचारिका रस्त्यावर आल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार आणि ५० हून कमी खाटा असतील तिथे किमान २०,००० रुपये सुचवले. पण पगार आणि कामाचे तास ठरवणाऱ्या अशा शिफारशी राज्यांनी अमलात आणल्या तरच वॉर्डापर्यंत पोचतात.

मग २०२० आलं आणि सोबत कोरोनाची साथ. नाइटिंगेलच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिकांचं वर्ष जाहीर केलं होतं. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. परिचारिकांना कोरोना योद्धा म्हटलं गेलं. योद्धा म्हटल्यावर मैदान सोडता येत नाही, आणि साथ ओसरल्यावरही ती अपेक्षा तशीच राहिली.

दमलेली परिचारिका रुग्णाला धोकादायक ठरते हे आता नुसतं अनुभवाचं बोलणं राहिलेलं नाही. अमेरिकेत ३९३ परिचारिकांच्या नोंदींवरून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळीत चुकीची शक्यता तिप्पट आढळली. सलग दुसरी पाळी न घेणं हीसुद्धा रुग्णाची काळजीच आहे. योग्य काय ते कळतं, पण संस्थेची चौकट ते करू देत नाही, तेव्हा होणाऱ्या घुसमटीची मांडणी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमेटन यांनी १९८४ मध्येच केली होती. त्यांच्या मांडणीत अडचण चौकटीत आहे, बाईत नाही.

मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या तेव्हा रिकाम्या पदांचा हाच प्रश्न चव्हाट्यावर आला. एरवी तो दिसत नाही, कारण सुट्टीवरची सिस्टर धावत आली की ड्यूटी लिस्टवर रात्रपाळी भरलेली दिसते. विनंतीचा फोन तोंडी असतो, त्याची नोंद कुठेच नाही. म्हणून काही जुन्या परिसेविका अशा रात्री रिपोर्ट बुकात पेशंट किती, सिस्टर किती, जागा का भरली नाही हे लाल शाईने लिहितात आणि अधिसेविकेच्या, म्हणजे रुग्णालयाच्या मेट्रनच्या, कार्यालयातून त्याची पोच घेतात. नवख्या मुलींना त्या सांगतात की नाही म्हणायचं असेल तर एका वाक्यात म्हण, आजारपणाची खोटी कारणं जोडू नकोस, आणि उद्या जिने रात्र काढली तिच्या शेजारी बसून चहा घे.