सोव्हिएत पदकाचा नंबर आणि सैनिकाचं नाव

'प्रत्येक सोव्हिएत पदकावर नंबर असतो आणि त्यावरून सैनिकाचं नाव निघतं', हे वाक्य संग्राहकांमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे, आणि त्यापायी नवखे लोक फसतात.

सगळ्यांत जास्त दिसणारं पदक म्हणजे ९ मे १९४५ रोजी सुरू झालेलं 'जर्मनीवरील विजयासाठी'. पितळी, वर स्टॅलिनचा चेहरा, भोवती 'आपली बाजू न्यायाची होती, आपण जिंकलो' अशा अर्थाची अक्षरं. जवळपास दीड कोटी लोकांना ते मिळालं. त्यावर नंबर नाहीच! सोबतची, मालकाचं नाव लिहिलेली पुस्तिका हरवली, की ते कुणाचं होतं हे कुणीच सांगू शकत नाही.

नंबर असतो तो 'ऑर्डर'वर, म्हणजे साध्या पदकाहून वरच्या दर्जाच्या सन्मानचिन्हावर. 'रेड स्टार' ही ऑर्डर पालथी करून पाहा: मधोमध स्क्रू, टांकसाळीचं नाव आणि कोरलेला नंबर. 'धैर्यासाठी' हे पदक मधलं; युद्धकाळातल्या पदकांवर नंबर, नंतरच्यांवर नाही.

पण नंबर म्हणजे नाव नव्हे. गौरवाच्या हुकुमात सैनिकाचं नाव आणि त्याचा पराक्रम असतो, पदकाचा नंबर सहसा नसतो. या दोन्हींची गाठ घालते ती नोंदणीपत्रिका. तिच्यासाठी मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कमधलं संरक्षण खात्याचं अभिलेखागार गाठावं लागतं. हुकूम मात्र आता ऑनलाइन वाचता येतात, आणि त्यातला चार ओळींचा मजकूर मला धातूपेक्षा मोलाचा वाटतो.

म्हणून विकत घेताना पुस्तिका आणि पदक यांची ताटातूट होऊ देऊ नका.