कृत्रिम हार्मोनिक्स (क्लासिकल गिटार)

डाव्या हाताने तार एखाद्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांनी आखलेल्या घरात) दाबायची, कंप पावणाऱ्या उरलेल्या लांबीच्या बरोबर मध्यावर उजव्या हाताच्या तर्जनीने नुसता स्पर्श करायचा आणि त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाने तार छेडायची. अशा रीतीने निघणाऱ्या, घंटेसारख्या स्वच्छ स्वराला कृत्रिम हार्मोनिक म्हणतात. दाबलेल्या स्वरापेक्षा तो एक सप्तक वर असतो. मोकळ्या तारेवर १२, ७ किंवा ५व्या फ्रेटशी मिळतात ते नैसर्गिक हार्मोनिक्स. त्यांत हाती लागणारे स्वर मोजकेच असल्याने पूर्ण चाल वाजवायची तर कृत्रिम हार्मोनिक्सला पर्याय नाही. इलेक्ट्रिक गिटारवर पिकच्या कडेने अंगठा घासून काढतात तो चिरका स्वर तत्त्वाने याच कुळातला, पण त्याचे तंत्र निराळे.

तारेच्या मध्यावर बोट टेकले की मूळ स्वराचे कंपन विझते. ज्या कंपनांचा निस्पंद (न हलणारा) बिंदू नेमका तिथेच असतो ती मात्र चालू राहतात. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकायला शिकलेल्या कानाला हे लवकर उमगते. तो गंधार म्हणजे तारेचा पाचवा अंशस्वर, मूळ स्वरात दडलेला, त्याच्या पाचपट कंपनसंख्येचा स्वर. इथे दुसरा अंशस्वर वेगळा काढून पुढे आणायचा असतो.

फेर्नांदो सोर यांच्या १८३० च्या गिटारपद्धतीत हार्मोनिक्सचा विचार आहे. पुढे फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) आणि त्यांचे शिष्य मिगेल ल्योबेट (१८७८–१९३८) यांनी चाल हार्मोनिक्समध्ये आणि खालची साथ नेहमीच्या स्वरात अशी मांडणी रूढ केली.

‘बोट हलके ठेव’ एवढाच सल्ला बहुतेकांना मिळतो, आणि तो अपुरा आहे. स्वर निघत नाही तो बरेचदा जागा चुकल्यामुळे. स्टीलच्या तारांच्या गिटारवर गाण्यांना साथ करत आलेला विद्यार्थी डाव्या हाताच्या सवयीने उजवी तर्जनीही दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत ठेवतो. ती पट्टीच्या अगदी वर हवी. दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट दाबला तर स्पर्श १३व्या पट्टीवर, तिसरा दाबला तर १५व्या. मग पहिली तार मोकळी ठेवून १२वी पट्टी, पहिला फ्रेट दाबून १३वी, तिसरा दाबून १५वी. सा रे ग म प असे पाच स्वर इथे तयार झाले. साडेसहाशे मिलिमीटर लांबीच्या तारा असलेल्या गिटारवर डावे बोट मोकळ्या तारेवरून पहिल्या फ्रेटवर जाते तेव्हा तारेची लांबी सुमारे ३६ मिमीने घटते आणि मध्यबिंदू जेमतेम १८ मिमी सरकतो. उजव्या हाताची हालचाल डाव्याच्या निम्मीच असते. हे प्रमाण अंगवळणी पडेपर्यंत उजव्या हाताकडे पाहून वाजवावे. डावा हात स्वतःची जागा शोधतोच.

दुसरी गोष्ट क्वचितच नीट सांगितली जाते. स्पर्शाचे बोट आणि छेडणारे बोट यांत अंतर हवे. मोकळ्या तारेवर छेडण्याची जागा स्पर्शाच्या जागेपासून साडेतीन सेंटीमीटरवरून नऊ सेंटीमीटरवर नेली, तर गणिताने दुसऱ्या अंशस्वराचा जोर दुपटीहून अधिक होतो. म्हणून तर्जनी गळ्याच्या दिशेने सरळ ताणावी, अनामिका ब्रिजच्या (तारा जिथे खाली बांधलेल्या असतात त्या पट्टीच्या) बाजूला मागे ओढावी आणि तिनेच छेडावे. अंगठा खर्जाच्या तारांसाठी मोकळा राहतो. अंगठ्यानेच छेडण्याची पद्धतही आहे, तिचा आवाज भरदार येतो, पण साथीला बोट उरत नाही. तर्जनीच्या टोकाचा मांसल भाग तारेला लागावा, नख लागू नये, आणि स्वर निघताच ती उचलावी. उशिरा उचलली तर स्वर बोटाखालीच गुदमरतो. डावे बोट मात्र शेवटपर्यंत घट्ट दाबलेले हवे. उजवीकडच्या हलक्या स्पर्शाची नक्कल डावा हात नकळत करू लागतो, ही चूक फार जणांची होते.

क्लासिकल गिटारला साधारणतः १९ फ्रेट असतात. सातव्या फ्रेटपर्यंतच्या स्वरांना वरची पट्टी सापडते. आठव्यापासून स्पर्श थेट ध्वनिरंध्रावर करावा लागतो आणि खूण म्हणून भोवतीच्या नक्षीचाच आधार राहतो. एकाच वेळी अनेक तारांवर वाजवताना उजव्या हाताला डाव्याची आकृती १२ फ्रेट वर गिरवावी लागते.

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत या सरावापुढची मोठी अडचण कूलर. त्याच्या घरघरीत मंद्र तारांचे हार्मोनिक्स कसेबसे ऐकू येतात, तिसऱ्या तारेचे जवळपास बुडतातच. ही नायलॉन तार जाड असल्याने मुळातच तिचा हार्मोनिक बोथट असतो. आवाज ऐकू आला नाही की वाजवणारा जोरात छेडतो आणि हात बिघडतो. कूलर सुरू होण्याआधीची सकाळ यासाठी उत्तम. निदान वीस मिनिटे तरी तो बंद ठेवावा. दुपारची कोरडी हवा आणि वाळ्याच्या ताटीतून येणारा दमट झोत यांमध्ये लाकूड आलटून पालटून आकसते व फुगते, तारांची उंची बदलते. गिटार झोताच्या वाटेत ठेवू नये. सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या जागेत हे स्वर मागच्या रांगांपर्यंत न्यायचे तर माइक लागतोच.

सरावाआधी तारा तपासाव्यात. १२व्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच नैसर्गिक हार्मोनिक एकामागोमाग वाजवावेत. पूर्वी जुळणारे हे दोन स्वर आता जुळत नसतील, तर तार बहुधा असमान झिजली आहे. अशा तारेवर अचूक जागी टेकलेले बोटही बेसूर वाजते, आणि विद्यार्थी आठवडेच्या आठवडे आपल्या हातातला दोष शोधत बसतो.