चैत्री पौर्णिमेचा चंद्र कुठे असतो?

हनुमान जयंतीच्या पहाटे मारुतीच्या देवळात कीर्तन रंगलेलं असतं. बुवा आख्यान असं बेतून आणतात की सूर्याची कोर वर यायला आणि जन्माचा गुलाल उधळायला एकच गाठ पडावी. मग पाळणा, आरती, सुंठवडा. सगळ्यांचे डोळे पूर्वेकडे, नाहीतर गाभाऱ्याकडे. देवळाच्या मागच्या बाजूला, पश्चिमेला, त्याच सुमारास पौर्णिमेचा चंद्र मावळत असतो, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. मला तो या सणाचा अर्धा भाग वाटतो.

पौर्णिमा पूर्ण होते ती चंद्र सूर्यापासून बरोबर १८० अंशांवर पोचतो त्या क्षणी. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळपास एका रेषेत येतात, मध्ये आपण. म्हणून एक उगवतो तेव्हा दुसरा मावळतो. अर्थात हा क्षण दरवर्षी पहाटेच येतो असं नाही. दोघांना समोरासमोर बघायचं तर कॅलेंडरात पौर्णिमेची समाप्ती बघावी आणि तिच्या सर्वांत जवळचा सूर्योदय किंवा सूर्यास्त निवडावा. २०२६ साली २ एप्रिलला पौर्णिमा सकाळी पावणेआठच्या आतबाहेर संपते. अशा वर्षी जन्मोत्सवाच्या वेळीच सूर्य आणि चंद्र दोघेही क्षितिजाला टेकलेले सापडतात. पौर्णिमा दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबली असेल, तर चंद्र सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधीच बुडतो.

या पौर्णिमेला चंद्राच्या आसपास एक निळसर पांढरी ठळक चांदणी असते. तीच चित्रा, कन्या राशीतली सर्वांत तेजस्वी तारका. तिच्यावरूनच महिन्याला चैत्र म्हणतात. ओळखायची रीत सोपी आहे. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की आधी नारिंगी स्वाती लागते आणि आणखी पुढे चित्रा. ती सुमारे २५० प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे आज डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश पेशवाईत निघालेला आहे. दिसते एक, पण आहेत दोन तारे, चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करणारे. चंद्र दर चैत्री पौर्णिमेला तिला खेटूनच असेल असं मात्र नाही. पौर्णिमा एप्रिलच्या सुरुवातीला आली तर तो अजून आधीच्या हस्त नक्षत्रात असतो, महिनाअखेर आली तर चित्रेला ओलांडून गेलेला असतो.

जत्रांना हीच पौर्णिमा का, याचं एक उत्तर मला उजेडातच दिसतं. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, गुलाल आणि दवणा उधळला जातो, 'चांगभलं'चा गजर होतो. सप्तशृंगगडावर रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत चैत्रोत्सव भरतो आणि खानदेशातून माणसं पायी निघतात. रब्बीची कामं उरकलेली, दिवसा ऊन पोळणारं, आणि रात्र मात्र संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चांदण्याची. विजेचे दिवे नव्हते तेव्हा गाडीवाटेने देवाला जायला याहून चांगले दिवस कुठले?

पौर्णिमेला मन अस्वस्थ होतं, कारण चंद्र समुद्राला ओढतो तसा शरीरातल्या पाण्यालाही ओढतो, हे मात्र हमखास सांगितलं जातं. ते पटण्यासारखं नाही. भरती येते कारण पृथ्वी पावणेतेरा हजार किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या दोन बाजूंना चंद्राची ओढ वेगवेगळी जाणवते. साडेपाच फुटांच्या माणसात डोकं आणि पाय यांच्यातला हा फरक नगण्य असतो. शिवाय अमावस्येलाही उधाण तितकंच येतं. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, त्या हिशेबात पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरावीच धरतात. ओढ सारखीच, वेगळा असतो तो फक्त उजेड.

आणि उजेडाचा परिणाम खरा असू शकतो. २०२१ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला. अर्जेंटिनातल्या तोबा या मूलनिवासी समाजातली माणसं आणि अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचे विद्यार्थी, दोघेही पौर्णिमेच्या आधीच्या काही रात्री उशिरा झोपत होते आणि कमी झोपत होते. त्या रात्रींना चंद्र संध्याकाळीच वर आलेला असतो. विजेचा दिवा येण्याआधीची माणसं या चांदण्यात जास्त वेळ जागत असणार, असा संशोधकांचा अंदाज आहे. आपली कोजागरीही मला त्याच सवयीची खूण वाटते.

तेव्हा या पौर्णिमेला काही करावंसं वाटलं, तर गच्चीवर किंवा माळावर जा, जिथे पूर्व आणि पश्चिम दोन्ही मोकळ्या दिसतील. मावळत्या सूर्याकडे पाठ करून चंद्र वर येईपर्यंत मोबाईल खिशात ठेवून उभे राहा. तो तांबूस असतो, कारण त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, आणि मोठा वाटतो तो केवळ डोळ्यांचा भास. पायाखालची जमीन ही त्या दोघांच्या मधली एक गोल वस्तू आहे, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि अंगाला जाणवणं वेगळं. मला भक्ती म्हणून जे कळतं, ते या जाणिवेच्या फार जवळचं आहे. घरातल्या मुलांना सोबत न्या, त्यांना चित्रा शोधू द्या.

वसंताची पौर्णिमा फक्त आपली नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांचा, म्हणजे मराठी ज्यूंचा, वल्हांडण सण याच सुमारास येतो. वसई-गोव्याचा ईस्टर २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी असतो. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ एप्रिलला. २०२४ मध्ये मात्र ईस्टर ३१ मार्चलाच, होळीपाठोपाठ आला आणि हनुमान जयंती २३ एप्रिलला.

दोन्ही सण असे दुरावतात याचं कारण पुन्हा चित्राच सांगते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस या ग्रीक खगोलज्ञाने चंद्रग्रहणं वापरून तिची जागा मोजली, कारण ग्रहणात चंद्र सूर्याच्या अगदी समोर असतो. त्याच्या दीडेकशे वर्षं आधी टिमोकॅरिस या दुसऱ्या ग्रीक खगोलज्ञाने शरद संपातबिंदूपासून (सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य आकाशात जिथे असतो ती जागा) ती ८ अंशांवर नोंदवली होती, हिपार्कसला ६ अंशांवर सापडली. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक घेर घेतो, त्यामुळे संपातबिंदू ७२ वर्षांत एक अंश सरकतो. ईस्टर ऋतूंना बांधलेला आहे, आपलं पंचांग ताऱ्यांना. दोन्हींतलं अंतर आता २४ अंशांच्या घरात गेलंय.

शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर २२ मार्च १९५७ ला राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली आणि तिच्यात चैत्र ऋतूंना जोडला गेला. सणांचं पंचांग मात्र ताऱ्यांवरच राहिलं. आणखी दोन हजार वर्षांनी चैत्री पौर्णिमा साधारण महिनाभर पुढे, बहुतेकदा मे महिन्यात येईल. चंद्र तेव्हाही चित्रेजवळच असेल. तरी माझं मत ऋतूंच्या बाजूने आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं लागतं, आणि मे अखेरीला कैऱ्या पिकून गेलेल्या असतात.