उंची कमी केलेल्या गाडीच्या मडगार्डची आतून स्वच्छता : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या गाडीची उंची कमी करून घेतलेल्या, किंवा तशी गाडी विकत घेतलेल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या टायर आणि मडगार्डमधून सहसा हात सहज आत जातो. आखूड स्प्रिंग, कॉइलओव्हर (आट्यांवरची रिंग फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बरचा जोड) किंवा एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे) बसवून गाडी खाली घेतली की त्याच जागेत कधी दोन बोटे जेमतेम शिरतात, तर कधी टायरचा वरचा भाग मडगार्डच्या कडेआड झाकलाच जातो. चाक मात्र पूर्वीइतकाच चिखल, वाळू, डांबराचे थेंब आणि ब्रेकची भुकटी उडवत राहते. हा सगळा मळ आता अधिक जवळून आदळतो, आणि तो बाहेरून दिसत नसल्याने धुताना नजरेतून सुटतो. त्यामुळे बाहेरून लखलखीत दिसणाऱ्या गाडीच्या मडगार्डमध्ये हंगामभराचा गाळ बसलेला आढळणे आमच्यासाठी नित्याचे आहे.

आमचा आग्रह एकच आहे. फटीतून ब्रश कोंबण्यापूर्वी फट मोठी करावी. अरुंद जागेत दांडा आडवातिडवा फिरवला की मळ निघण्याऐवजी पसरतो, मडगार्डच्या कडेचा रंग खरवडला जातो आणि रिमच्या ओठावर बारीक चरे उमटतात. गाडीचे धड उचलून चाक खाली लोंबू दिले, तर मोकळ्या होणाऱ्या जागेत साधा ब्रशही बरेच काम करतो.

मळ नेमका कुठे बसतो

मडगार्डच्या बाहेरच्या कडेला पत्रा आत वळवून केलेला ओठ असतो. त्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा. ओलसर, दाणेदार मातीची पट्टी हाताला लागेल, आणि ती काढल्यावर कधीकधी खाली फुगलेला रंग दिसेल. ही माती ओल धरून ठेवते आणि गंजाची सुरुवात बहुधा येथूनच होते. रुंद चाके बसवण्यासाठी हा ओठ आतल्या बाजूला दाबून सपाट केलेला असेल, तर अधिक लक्ष द्यावे लागते, कारण पत्रा दुमडताना त्यावरचा रंग आणि सांध्यातील सीलंट तडकण्याची शक्यता असते व ती तड वरून सहजी कळत नाही. अशा गाड्यांचा ओठ धुऊन पूर्ण वाळवावा, उजेडात तपासावा आणि तड आढळल्यास ती वेळीच सीलंटने व रंगाने बंद करून घ्यावी.

दुसरी जागा पुढच्या चाकाच्या मागे, लायनर (मडगार्डला आतून लावलेले अस्तर) आणि मडगार्डचा पत्रा यांमध्ये असते. तेथे पाने आणि बारीक माती वरून उतरून तळाशी साचतात, पाणी बाहेर पडण्याची छिद्रे बुजतात आणि पत्रा आतून कुजू लागतो. बाहेरून कितीही पाणी मारले तरी हा साठा हलत नाही. त्यासाठी लायनरच्या खालच्या कडेचे क्लिप आणि स्क्रू काढून लायनर थोडा बाजूला घ्यावा लागतो. जुने प्लॅस्टिकचे क्लिप काढताना तुटतात, म्हणून नवे हाताशी ठेवूनच हे काम सुरू करावे.

तिसरी जागा सस्पेन्शनची. कॉइलओव्हरच्या आट्यांमध्ये वाळू घट्ट बसली की उंची बदलण्याची रिंग जाम होते, आणि मग ती पान्याने जोर लावून फिरवताना आटे बिघडतात. एअर सस्पेन्शनमध्ये रबरी फुग्याच्या घडीत अडकलेली वाळू गाडी वरखाली होताना रबर घासत राहते. या दोन्ही ठिकाणी तीव्र रसायन वापरू नये. भरपूर पाणी, सौम्य शाम्पू आणि मऊ नायलॉनचा ब्रश पुरतो. आटे वाळल्यावर त्यांवर कोरडे राहणारे वंगण लावावे. चिकट ग्रीस लावल्यास त्यावर पुन्हा धूळ बसते आणि आधीपेक्षा अधिक घट्ट थर तयार होतो.

जागा मोकळी करणे

पुढच्या चाकांसाठी पहिला उपाय स्टिअरिंगचा. ते एका टोकापर्यंत वळवले की पोकळीचा एक भाग उघडतो आणि दुसऱ्या टोकाकडे नेले की उरलेला. टायर लायनरला घासत असल्याचे जाणवले, तर तेथेच थांबून आधी गाडी उचलावी. मागच्या चाकांना ही सोय नसते, म्हणून तेथे जॅकशिवाय नीट काम होत नाही.

खाली घेतलेल्या गाडीखाली नेहमीचा जॅक बहुधा शिरतच नाही. अशा वेळी चाकांखाली रुंद, मजबूत लाकडी फळ्या ठेवून गाडी त्यांवर हळू चढवावी आणि मग कमी उंचीचा जॅक गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. जमीन सपाट व टणक असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावलेले असावेत. मागची बाजू उचलायची असेल, तर पुढच्या चाकांच्या ठोकळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवरच काम करतो. गाडी उचलल्यानंतर तिचा भार स्टँडवर, म्हणजे गाडीखाली ठेवायच्या पक्क्या आधारावर, घ्यावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीच्या मडगार्डमध्ये हात घालू नये, ही सूचना आम्ही आमच्या कामगारांनाही रोज देतो. एअर सस्पेन्शनने वर घेतलेल्या गाडीला हेच लागू आहे. हवेचा दाब अचानक गेल्यास गाडी क्षणात खाली बसते आणि टायर व पत्रा यांमध्ये हात चेंगरतो.

शक्य असेल तेव्हा चाक काढावे. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत आणि गाडी स्टँडवर घेतल्यावर पूर्ण काढावेत. चाक निघाल्यावर लायनरवर टायर घासल्याच्या चकचकीत खुणा, एबीएस सेन्सरची वायर आणि ब्रेकचा रबरी पाइप हे सारे एका नजरेत दिसते. वायर किंवा पाइप टायरच्या वाटेत आलेला आढळल्यास धुण्याचे काम बाजूला ठेवून तो आधी योग्य जागी बांधून घ्यावा.

प्रत्यक्ष धुणे

चाके आणि ब्रेक थंड झाल्यावर, सावलीत आणि गाडीची बॉडी धुण्यापूर्वी हे काम करावे, म्हणजे उडालेला मळ नंतर बॉडीबरोबर निघून जातो. प्रथम वरून खाली भरपूर पाणी मारून सैल चिखल उतरवावा. प्रेशर वॉशरची फवारणी पंख्यासारखी पसरणारी असावी आणि नोझल साधारण एक फूट लांब राहील अशी धरावी. सरळ, टोकदार धार टायरची बाजू, ॲक्सलचे रबरी बूट, बेअरिंगचे सील आणि सेन्सरच्या जोडण्या यांवर कधीही मारू नये. अरुंद जागेसाठी आखूड बंदूक आणि वाकडे नोझल मिळते. उंची कमी केलेल्या गाडीसाठी घेण्यासारखे साधन कोणते असे विचारल्यास आम्ही प्रथम हेच सुचवतो.

त्यानंतर अल्कली स्वरूपाचा सर्वसाधारण क्लीनर बाटलीवरील प्रमाणात पाण्यात मिसळून फवारावा. प्लॅस्टिकच्या लायनरवर तो तीन ते पाच मिनिटे मुरू द्यावा, परंतु सुकू देऊ नये. मग लांब, चपट्या ब्रशने खालून वर घासावे. ब्रशचा दांडा धातूचा असल्यास त्यावर कापडी टेप गुंडाळावा, म्हणजे रिम आणि मडगार्डची कडा सुरक्षित राहते. ओठाच्या आतील बाजूसाठी लवचिक पट्टीला मायक्रोफायबरचे कापड बांधून ती ओढत न्यावी. अनेक नव्या गाड्यांमध्ये आवाज कमी करण्यासाठी फेल्टसारखे लायनर असते. ते कडक ब्रशने घासल्यास त्याचे धागे सुटतात, म्हणून तेथे कमी दाबाचे पाणी आणि मऊ ब्रश वापरून शेवटी ओले शोषणाऱ्या व्हॅक्यूमने पाणी काढून घ्यावे.

रिमच्या आतील भागावर चिकटलेली ब्रेकची लोहयुक्त भुकटी शाम्पूने जात नाही. त्यासाठी लोहकण विरघळवणारा क्लीनर वापरावा. तो लोहाशी संयोग पावला की जांभळे ओघळ खाली उतरू लागतात, आणि त्यांवरून मळ कोठे अधिक आहे हेही कळते. ओघळ सुकण्यापूर्वी ते पूर्ण धुऊन काढावेत. वास उग्र असल्याने हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावे. आम्लयुक्त व्हील क्लीनर मात्र उघड्या ॲल्युमिनियमवर आणि जस्ताचा मुलामा असलेल्या कॉइलओव्हरवर पडू देऊ नये, कारण तेथे डाग पडतात आणि मुलामा निघतो. डांबरासाठीचा सॉल्व्हंट कापडावर घेऊन फक्त डागावर लावावा, रबरावर नाही.

वाळल्यावर लायनरला पाण्यावर आधारित ड्रेसिंग (प्लॅस्टिकला तकाकी देणारा लेप) लावता येते. ब्रेक डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर त्याचा अंशही जाऊ नये.

चाक परत बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करावेत, शेवटचा ताण गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने (ठरावीक ताण मोजून देणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे द्यावा आणि 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर तो पुन्हा तपासावा. आखूड स्प्रिंग बसवलेल्या गाडीत चाक लोंबत असताना स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते, म्हणून गाडी खाली घेताना ती नीट बसली आहे का हे पाहावे. धुतल्यानंतर ब्रेक ओले असतात. ते वाळेपर्यंत थोडे अंतर सावकाश चालवून ब्रेक हलकेच दाबत राहावे.

प्रत्येक वेळी गाडी धुताना मडगार्डमध्ये पाणी मारणे आणि वर्षातून दोनदा चाके काढून पूर्ण स्वच्छता करणे एवढे बहुतेक गाड्यांना पुरते. कच्च्या रस्त्यावर किंवा मीठ टाकलेल्या रस्त्यावर गाडी चालत असेल, तर हे काम अधिक वेळा करावे लागते.

आमच्याकडे गाडी देताना लॉक नटची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास नटची) चावी सोबत द्यावी, सस्पेन्शन कोणत्या प्रकारचे आहे आणि मडगार्डचा ओठ दाबून घेतलेला आहे का, हे आधी सांगावे. एअर सस्पेन्शन असल्यास ते वर घेण्याची आणि बंद करण्याची पद्धत आमच्या कामगारास एकदा प्रत्यक्ष दाखवावी.