दोन डेथ स्टार, पण चूक एकच होती का?

'स्टार वॉर्स'चा विषय निघाला की एक टोमणा हमखास ऐकू येतो: साम्राज्याने डेथ स्टार नावाचं, ग्रह उडवणारी तोफ असलेलं चंद्राएवढं अवकाशस्थानक बांधलं, ते एका भोकापायी गेलं, तरी शहाणपण न येता तसंच दुसरं बांधलं आणि तेही तसंच घालवलं. टोमणा झकास आहे, पण खरा नाही. दोन्ही गोळे राखाडी, दोन्हींवर वरच्या अंगाला तोफेची ती खोलगट तबकडी, दोन्हींचा शेवट आतला रिअॅक्टर फुटून. त्यामुळे डोक्यात त्यांची सरमिसळ होते. राजकन्या लेआची कोठडी कुठल्या डेथ स्टारवर होती, सम्राटाचं सिंहासन कुठल्यावर, चरातून उडालेली यानं कुठली आणि सांगाड्यातून घुसलेली कुठली, हे विचारलं तर मुरलेले चाहतेही क्षणभर थबकतात. आराखडे शेजारी शेजारी ठेवले की फरक लख्ख दिसतो. पहिला रचनेतल्या दोषाने गेला. दुसरा बांधकामाचा क्रम चुकल्याने.

पहिला 1977 च्या चित्रपटातला. पूर्ण बांधलेला, स्वतःच्या ताकदीने फिरणारा. कोठड्या, कचरा दाबायची खोली, नायक ल्यूक आणि लेआ दोरीला लटकून ओलांडतात ती दरी, हे सगळं त्याच्यातलं. दुसरा 1983 च्या चित्रपटातला, एंडोरच्या जंगलव्याप्त चंद्राच्या वर अवकाशात तरंगणारा, अर्धवट. त्याच्या आत आपल्याला फारसं फिरवलंच जात नाही. एखादं हँगर, सिंहासनाची खोली आणि शेवटी रिअॅक्टरपर्यंतची वाट, एवढंच.

आकाराबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पहिल्याचा व्यास अलीकडच्या अधिकृत पुस्तकांत 160 किलोमीटर दिलेला असतो, जुन्यांत 120 होता. दुसरा त्याहून मोठा, पण किती मोठा यावर पुस्तकांचं एकमत नाही. 160 चा आकडा धरून एक हिशेब मात्र करून बघण्यासारखा आहे. या गोळ्याचं घनफळ साधारण 21 लाख घन किलोमीटर भरतं. आत दर चार मीटरवर एक मजला टाकला तर सगळ्या मजल्यांचं मिळून क्षेत्रफळ 53 कोटी चौरस किलोमीटरच्या वर जातं. पृथ्वीचा समुद्रासकट सगळा पृष्ठभाग 51 कोटी आहे. रिअॅक्टर, इंजिनं, तोफेची यंत्रणा यांना निम्मी जागा दिली तरी उरलेल्या जागेत पाच-दहा लाख माणसं हरवून जातील. त्यामुळे तिथल्या बोळांत पावलोपावली सैनिक भेटतात, ही त्या चित्रपटातली सर्वांत न पटणारी गोष्ट आहे. खरं तर हान सोलोला दिवसभर चालूनही कुणी भेटायला नको.

आता मजले कुठल्या दिशेने, हा प्रश्न. एवढ्या गोळ्याचं स्वतःचं गुरुत्व अगदी किरकोळ. सरासरी घनता पाण्याइतकी धरली तरी पृष्ठभागावर ते पृथ्वीच्या सुमारे 440 व्या हिश्श्याइतकं येतं. म्हणजे 'खाली' कुठे हे निसर्ग ठरवत नाही, बांधणारा ठरवतो. पहिल्या डेथ स्टारवर हे 'खाली' दोन ठिकाणी दोन प्रकारे ठरवलेलं दिसतं. पृष्ठभागावरच्या तोफा आणि मनोरे गोळ्याच्या केंद्राकडे पाय करून उभे आहेत, जसे आपण पृथ्वीवर उभे राहतो. उलट हान सोलोचं यान मिलेनियम फाल्कन ओढून नेतात ते हँगर बघा. ते विषुववृत्तावरच्या चरात आहे आणि त्याची जमीन विषुववृत्ताला समांतर आहे. तिथे केंद्राची दिशा म्हणजे हँगरची मागची भिंत, आणि 'खाली' म्हणजे दक्षिण ध्रुव. सालीजवळ मजले कांद्याच्या पापुद्र्यांसारखे आणि आत एकावर एक रचलेले, असा हा जोड आहे. या दोन पद्धती जिथे भेटतात तिथे कुठेतरी माणसाला चालता चालता नव्वद अंशांत वळावं लागत असणार. ती जागा चित्रपटात कधीच दाखवलेली नाही, आणि मला सगळ्यात जास्त तीच बघायची आहे.

दुसऱ्या डेथ स्टारवर सम्राटाचा मनोरा उत्तर ध्रुवावर आहे. ही निवड रुबाबासाठी केली असेल, पण आराखड्याच्या दृष्टीने ती भलतीच सोयीची आहे. ध्रुवावर केंद्राकडची दिशा आणि दक्षिणेकडची दिशा एकच होते. दोन्ही 'खाली' जुळतात. म्हणून त्या खोलीतून निघालेली खोल विहीर सरळ पोटात उतरू शकते, आणि सम्राटाला तिच्यात फेकल्यावर तो कुठे न अडकता खाली जातो.

चरांचा घोळ

सर्वांत मोठी गल्लत पहिल्याच डेथ स्टारबाबत आहे. गोळ्याच्या मध्यावरून पट्ट्यासारखा जाणारा जो ठळक चर दिसतो, शेवटच्या हल्ल्यात त्यातूनच ल्यूक उडतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मध्यावरचा चर विषुववृत्तीय. तो रुंद आहे, त्यात हँगरं आहेत, फाल्कन तिथेच आत जातं. हल्ल्याचा चर वेगळा. तो ध्रुवाच्या दिशेने, रेखांशासारखा उभा जाणारा, अरुंद, आणि लांबून बघितलं तर दिसतही नाही. असे अनेक चर पृष्ठभागावर आहेत. गैरसमज इतका पक्का आहे, कारण चित्रपट आपल्याला आधी लांबून एकच चर दाखवतो आणि नंतर जवळून एकच चर दाखवतो. मन दोन्ही जोडून टाकतं.

विषुववृत्तीय चराची जन्मकथा तर आणखी मजेशीर. मूळ प्रतिकृती बनवणाऱ्या कॉलिन कँटवेल यांनी नंतर सांगितलं की गोळ्याचे दोन अर्धगोल जिथे जुळायचे तिथे आक्रसले होते. ती फट भरून घासून सपाट करायला फार वेळ गेला असता, म्हणून त्यांनी तिथे चरच ठेवावा असं सुचवलं. सुचवलं ते दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना पटलं.

हल्ल्यासाठी चर का निवडला, याचं उत्तर गोळ्याच्या आकारात आहे. पृथ्वीवर दहा मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे 11 किलोमीटरवर असतं. 160 किलोमीटर व्यासाच्या गोळ्यावर ते जेमतेम सव्वा किलोमीटरवर येतं. पृष्ठभागाला चिकटून उडणारं छोटं यान लांबच्या तोफांना दिसतच नाही, आणि चरात शिरल्यावर जवळच्या तोफांनाही नळी तेवढी खाली वळवता येत नाही. बंडखोरांचा सेनापती डोडोना हल्ल्याआधी हेच सांगतो: या स्थानकाचा बचाव मोठ्या आरमाराला थोपवण्यासाठी रचलाय, एकट्या वैमानिकाच्या छोट्या यानाचा विचारच केलेला नाही. हा रचनेतला पहिला दोष.

दुसरा दोष तो प्रसिद्ध झरोका, दोन मीटर रुंदीचा, ज्यात टॉर्पेडो सोडून ल्यूक स्थानक उडवतो. त्याची टिंगल फार होते, पण झरोका असणं यात काही चूक नाही. गोळा हा थोड्या पृष्ठभागात जास्तीत जास्त आकारमान मावणारा आकार. जागेसाठी उत्तम, उष्णतेसाठी वाईट. व्यास दुप्पट केला की पृष्ठभाग चौपट होतो आणि पोट आठपट. पोटातला रिअॅक्टर जी उष्णता करतो ती बाहेर न्यायला अवकाशात हवा नाही, पाणी नाही. एक तर ती पृष्ठभागावरून किरणांनी जाऊ द्यायची, नाहीतर तापलेलं काहीतरी बाहेर फेकायचं. म्हणजे भोकं ठेवावीच लागणार. चूक ही, की झरोक्यापासून रिअॅक्टरपर्यंत नळी सरळ गेली. मध्ये एखादा बाक, एखादी झडप असती तरी टॉर्पेडो तिथेच फुटला असता. नळीला किरणांपासून कवच होतं, घन वस्तूपासून नव्हतं.

2016 च्या 'रोग वन' या चित्रपटाने यात एक भर घातली. गेलन अर्सो या शास्त्रज्ञाने रिअॅक्टर मुद्दाम असा नाजूक करून ठेवला की आत एक स्फोट झाला की साखळीच सुरू व्हावी. इथेही लोक गल्लत करतात आणि 'झरोका त्याने ठेवला' म्हणतात. त्याने ठेवलेला दोष रिअॅक्टरमधला. झरोका ही तिथवर पोचायची वाट.

तिसऱ्या दोषाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, आणि मला तोच सर्वांत अक्षम्य वाटतो. फाल्कनला धरून ठेवणारा ओढकिरण मुख्य रिअॅक्टरला सात ठिकाणी जोडलेला आहे, आणि त्यातल्या एका ठिकाणची वीज गेली तरी यान निसटू शकतं, असं त्या प्रसंगात स्पष्ट सांगितलं जातं. म्हणजे या सात जोडण्या एकसर असल्यासारख्या वागतात. सात जोडण्या समांतर असत्या तर सात आधार झाले असते. इथे सात कच्चे दुवे झाले. ल्यूकचा वृद्ध गुरू ओबी-वान एकटा जातो, एका ठिकाणचा दांडा खाली ओढतो, काम फत्ते.

दुसऱ्याचं दुखणं वेगळं

दुसऱ्या डेथ स्टारला असा झरोका नाही. त्या एका मोठ्या भोकाऐवजी असंख्य बारीक नळ्या योजल्या होत्या, असं त्याच्यावरची पुस्तकं सांगतात. म्हणजे साम्राज्य शिकलं होतं. रिअॅक्टरपर्यंत लढाऊ यानं पोचली ती भोकातून नव्हे, तर भिंतच नसलेल्या बाजूने. तबकडीच्या आसपासचा भाग झाकलेला, बाकी बराचसा गोळा उघडा सांगाडा. हानचा मित्र लँडो फाल्कन घेऊन त्या सांगाड्यात शिरतो आणि नळकांड्यांच्या गर्दीतून वाट काढत जातो. वाट इतकी चिंचोळी की फाल्कनची अँटेना तुटून मागे राहते. आत बंडखोर वैमानिक वेज रिअॅक्टरच्या उत्तर मनोऱ्यावरचा ऊर्जा नियंत्रक फोडतो आणि लँडो रिअॅक्टर. (हा उत्तर मनोरा रिअॅक्टरच्या दालनातला. सम्राटाचा मनोरा वेगळा.)

तेव्हा प्रश्न आराखड्याचा नाही, क्रमाचा आहे. आधी रिअॅक्टर आणि तोफ, साल नंतर, असं कुणीतरी ठरवलं. त्यामागे डाव होता: बंडखोरांना वाटावं की तोफ अजून चालत नाही. ती चालत होती आणि तिने त्यांची मोठमोठी जहाजं एकेका माऱ्यात उडवली. पहिल्याची तोफ ग्रहासाठी होती. दुसरीला जहाजासारखं लहान लक्ष्यही टिपता येत होतं आणि थोड्या वेळाने पुन्हा मारता येत होतं. सुधारणा खरी होती.

उघड्या पोटाची भरपाई ऊर्जाकवचाने केली होती. हे कवच स्थानकातून नव्हे, खालच्या चंद्रावरच्या केंद्रातून यायचं. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. कवच फेकणारी यंत्रणा चंद्राच्या एका जागी रोवलेली असेल तर स्थानकालाही त्याच जागेच्या वर राहावं लागतं. पहिला डेथ स्टार आल्डरान ग्रहाकडे गेला, तिथून याव्हिन ग्रहाकडे आला, मध्ये आडव्या आलेल्या ग्रहाला वळसा घालून बंडखोरांचा तळ टप्प्यात घ्यायला त्याला तीस मिनिटं लागणार होती. दुसरा हलूच शकत नव्हता. हललाच असता तर कवच सोडावं लागलं असतं. जगातलं सर्वांत मोठं शस्त्र, आणि त्याची दोरी जंगलातल्या एका इमारतीला बांधलेली. ती इमारत हान, लेआ आणि मंडळींनी उडवली, आणि मग सांगाडा सर्वांसाठी मोकळा झाला.

टोमण्यात तथ्याचा अंश आहे तो इथे. दोन्हीकडे सगळं काही एकाच गोष्टीवर टांगलेलं होतं. पहिल्यात रिअॅक्टर, दुसऱ्यात रिअॅक्टर आणि शिवाय ते कवचकेंद्र. पण 'तीच चूक दोनदा' म्हणणं म्हणजे सदोष कुलूप आणि न लावलेलं दार एकच मानणं.

चित्रावरून ओळखायचं असेल तर अवघड नाही. पूर्ण गोल असेल तर पहिला, तुकडे पडल्यासारखा असेल तर दुसरा. आणि मोठ्या खळग्याचा पण खाचखळग्यांनी भरलेला, चर नसलेला गोळा दिसला तर तो मायमस, शनीचा खराखुरा चंद्र. सुमारे 130 किलोमीटरचं त्याचं हर्शेल विवर व्हॉयेजर 1 ने 1980 मध्ये दाखवलं, म्हणजे तबकडी मायमसवरून सुचली हा समजही चुकीचा. चित्रपट त्याच्या तीन वर्षं आधीचा.

एक चित्र मात्र फसवतं. तबकडी उत्तर गोलार्धात नसून थेट विषुववृत्तावर बसलेली दिसली, तर तो पहिलाही नाही आणि दुसराही नाही. डोडोना ज्या पडद्यासमोर उभा राहून हल्ला समजावतो, त्या पडद्यावरचा हा आराखडा. लॅरी क्यूबा यांनी तो संगणकावर केला तेव्हा त्यांच्या हातात जुनी रेखाटनं होती, आणि प्रतिकृतीवर तबकडी वर सरकली तरी पडद्यावरची जागची हलली नाही.