समावेशक वास्तुरचना (पुणे)

घर, गल्ली, पाणवठा किंवा रस्ता सर्व जातींच्या, वर्गांच्या आणि वयांच्या माणसांना हक्काने वापरता यावा आणि तो कसा बांधायचा हे ठरवतानाही त्यांचा शब्द चालावा, अशा रचनेला समावेशक वास्तुरचना म्हणतात.

पुण्यात हा विषय निघाला की पहिले नाव वाड्याचे येते. रस्त्याकडे ओटा, आत चौक, भोवती बिऱ्हाडे. एकाच चौकात धुणे, वाळवण आणि मुलांचे खेळ चालत, त्यामुळे शेजार आपसूक जमे. पण तो शेजार कोणाचा, हे दारातच ठरलेले असे. वाड्यांच्या आठवणी सांगताना ही बाजू बहुधा राहून जाते.

पाण्याचेही तसेच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पाणी शहरात आणून हौदांत सोडले गेले. काळा हौद, बदामी हौद ही नावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. घागरी भरता भरता तिथे साऱ्या पेठेच्या गप्पा होत. अस्पृश्य मानलेल्यांना मात्र सवर्णांच्या पाण्याला शिवण्याची बंदी होती. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. त्यासाठी हौदाचा एक चिराही हलवावा लागला नाही. पुण्यातील समावेशक वास्तूचा इतिहास खरे तर या हौदापासून सांगायला हवा.

अलीकडचे महत्त्वाचे काम येरवड्यातील वस्त्यांचे. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून तिथे कच्ची घरे पाडून जागच्या जागी सुमारे २७० चौरस फुटांची पक्की घरे बांधली गेली. वस्ती दूर कुठे हलवली नाही, त्यामुळे बायकांची धुण्याभांड्याची कामे, मुलांची शाळा आणि शेजारीण तीच राहिली. खर्चात लाभार्थी कुटुंबाचा वाटा दहा टक्के होता. महिला मिलन या वस्त्यांतील बायकांच्या संघटनेच्या सदस्या, स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी घरोघरी बसून आराखडे ठरवले. मोरी कुठे, ओटा कुठे, जिना बाहेरून की आतून, यावर खल झाला. काही ठिकाणी जागा इतकी चिंचोळी होती की एकट्याचे घर उभेच राहिले नसते. तिथे शेजाऱ्यांनी आपापले तुकडे जोडून एकत्र इमारत बांधायला संमती दिली. अशी संमती मिळवायला बांधकामाहून अधिक चिकाटी लागते.